न फेडलेली सावड

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. प्रसंग आले नाहीत असं मुळीच नाही. लिंबाजीचा गावाने सत्कार केला तेव्हा मला मुद्दाम डोंगरकड्याला बोलावलं होतं. मी माईकसमोर उभा राहिलो, लहानपणीच्या दोन-चार गमती सांगितल्या, लोक हसले, आणि मी खाली बसलो. त्याच्या मुलीच्या, सुमनच्या, लग्नात मांडवामागे आम्ही दोघंच होतो तेव्हाही जमलं असतं. मग गेल्या महिन्यात तिचाच फोन आला. "काका, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, ओट्यावर जाऊन बसले, आन् बसल्या जागीच..."

शोकसभेला गेलो. शाळेचं पटांगण भरलं होतं. जो बोलायला उठला त्याने एक वाक्य न चुकता म्हटलं: लिंबाजी मास्तरांना विद्यापीठ चालून आलं होतं, वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मंजूर होता, पण त्यांना गाव सोडवलं नाही. दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या वर्तमानपत्रातही हेच छापून आलं. वाक्य ऐकायला चांगलं आहे, पण ते खोटं आहे. मी हे खात्रीने सांगू शकतो, कारण ते पहिल्यांदा उच्चारलं ते मी.

लिंबाजीचं आणि आमचं रान बांधाला बांध लागून. त्यांच्याकडे एक बैल, आमच्याकडे एक. त्यामुळे त्याच्या बापाची आणि माझ्या बापाची पिढीजात सावड होती. सावड म्हणजे दोघांनी आपापला बैल आणून एक जोडी करायची, आज तुझं रान पेरायचं, उद्या माझं. कुणाचं आधी, यावरही भांडण नसे. पाऊस पडून गेल्यावर ज्याच्या रानाला वापसा आधी येईल, म्हणजे पेरण्याजोगी ओल ज्याच्या मातीत आधी होईल, त्याचं आधी. या व्यवहाराला कागद नव्हता, साक्षीदार नव्हते. ज्याचं रान आधी झालं त्याने दुसऱ्या दिवशी उजाडता बैल घेऊन दुसऱ्याच्या बांधावर हजर व्हायचं, एवढीच अट. हे आम्ही दोघंही चालायला लागल्यापासून बघत आलो होतो, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

चौथीनंतर आम्हा दोघांना हिंगोलीच्या शाळेत घातलं. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य, शाळा उर्दूतून. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि गणित मनातल्या मनात कशातून करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं! एका खोलीत राहायचो, आळीपाळीने भाकरी थापायचो. माझी भाकरी पाहून लिंबाजी म्हणायचा, "माणक्या, ह्यो नकाशा कोन्या मुलखाचा रे?" आणि तरी ती पूर्ण खायचा.

त्या गावात त्याला एक वेड लागलं. कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर दिवे लागत. संध्याकाळ झाली की आम्ही कुंपणाशी उभे राहायचो. आधी इंजिन खोकल्यासारखं करी, पट्टा फिरू लागे, आणि एकाएकी सगळे दिवे एकदम... लिंबाजी दर वेळी टाळी वाजवायचा. शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी टाळी ठरलेली. तिथल्या फिटरचाचाशी गोड बोलून तो आत शिरू लागला, हातपाय काळे करून परतू लागला. पावसाळ्यात कयाधूला पूर आला की काठावर उभा राहून म्हणायचा, "इतकं पानी फुकट चाललंय बघ. ह्याच्यात चाक बसवलं तर सारी हिंगोली उजळंल. मला हेच शिकायचंय. बाकी तुमचं व्याकरण-बिकरण तुमी ठेवा."

मॅट्रिक दोघंही चांगले पास झालो. आता पुढे काय? उत्तरेकडे एक विद्यापीठ होतं. सरकारचं नव्हे, लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलेलं, खासगी. तिथे विजेचं शिक्षण मिळतं ही बातमी लिंबाजीनेच कुठून तरी आणली होती, आणि ती आणल्यापासून त्याचा पाय जमिनीवर नव्हता. पण तिथली फी, खानावळ, प्रवास... आमच्या दोघांची रानं विकली असती तरी पुरलं नसतं. विचारपूस केली तेव्हा कळलं, की गरीब मुलाला तिथे नादारी मिळते, म्हणजे फी माफ होते. राहता राहिला जेवणाराहण्याचा खर्च. त्यासाठी हिंगोलीतल्या काही वकील-व्यापाऱ्यांनी मिळून एक फंड काढला होता. त्यातून वजीफा मिळायचा.

फंडाचे कर्तेधर्ते एक वकीलसाहेब होते. मराठी माणूस, पण शेरवानी घालायचे आणि अर्धं बोलणं उर्दूत. बाजाराच्या दिवशी त्यांच्या बैठकीत आम्ही जाऊन उभे राहिलो. दोघांत मिळून एकच बरा कोट होता. तो घालून आधी मी आत गेलो, बाहेर येऊन लिंबाजीला दिला, मग तो आत गेला. वकीलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाले, "ये कोट तो अभी इम्तिहान देके गया है! त्यालाही बोलव आत."

दोघांना समोर बसवून त्यांनी साफ सांगितलं. "दोघंही लायक आहात. पण फंडाचा नियम आहे, एका गावाला एका वेळी एकच मुलगा. त्याने शिकून परत यायचं, गावात शाळा चालवायची. तो आला, की दुसरा जाईल. आता कोण जाणार ते बोला."

मला जायचं होतं... फार जायचं होतं. मी काही बोलायच्या आत लिंबाजी म्हणाला, "साहेब, ही तर सावड झाली!"

"क्या झाली?"

लिंबाजीने त्यांना सावड समजावून सांगितली, बैलांसकट, वापशासकट. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माणक्या, मपल्या बापाचा पाय मोडलाय, औंदाची पेरणी माझ्यावर हाये. तुझ्या रानाला आधी वापसा आलाय. तू जा. तवर गावातली शाळा मी उघडतो. तू आलास की शाळा तू धर, मी जातो."

वकीलसाहेब खळखळून हसले. "अरे, कॉलेजची सावड! आजवर कुणी ऐकली नव्हती." मग गंभीर होऊन मला म्हणाले, "लेकिन बेटा, दुसऱ्या दिवशी बैल घेऊन हजर व्हायचं. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही अंगात वीज खेळते. नादारी मंजूर झाल्याची खबर आली त्या दिवशी लिंबाजी वेशीपासून आमच्या घरापर्यंत ओरडत आला, "झाली! माफ झाली! सारी माफ!" पाटलांना वाटलं शेतसारा माफ झाला, तेही धोतर सावरत बाहेर आले. खरं काय ते कळल्यावर तेवढ्याच आनंदाने त्यांनी गूळ वाटला. लिंबाजीने स्वतःसाठी हिंगोलीच्या बाजारातून एक पत्र्याची पेटी आधीच घेऊन ठेवली होती, हिरव्या रंगाची, झाकणावर पेंटरकडून नाव घातलेली: लिंबाजी. ती त्याने माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, "तुझं नाव आहे याच्यावर." तो म्हणाला, "त्याच्या खाली तुझं घाल. माझी पाळी आली की तुझं खोडू. पेटीला काय, तिला जायाशी मतलब." त्याच्या आईने, गयामायने, पेटीत दशम्या भरल्या, शेंगदाण्याची चटणी भरली, आणि कडेला एक हळकुंड ठेवलं. "परक्या मुलखात खोकला-बिकला झाला तर उगाळून घे रे लेकरा."

वसमतच्या स्टेशनापर्यंत बैलगाडीतून गेलो. बैल दोन्ही घरचे, सावडीचे. लिंबाजी हाकायला. वाटेत तो एकसारखा सूचना देत होता. तिथे वीजघर असेल ते आधी बघ. चाक केवढं आहे ते बघ. पाण्यावर चालतं का कोळशावर ते विचार. "आन् आवाज कसा येतो ते नीट ध्यानात ठेव." गाडी सुटली तेव्हा तो फलाटावरून डब्याबरोबर पळत होता आणि ओरडत होता, "आवाज! आवाज इसरू नको!"

पूर्णेला गाडी बदलली, मनमाडला बदलली, आणि मग उत्तरेची मोठी गाडी. मी खिडकी सोडली नाही. गव्हाची शेतं, बाजारापेक्षा मोठी स्टेशनं, आणि शेवटी ते विद्यापीठ! इतका रुंद रस्ता मी पाहिला नव्हता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि पुस्तकांनी भरलेली एक इमारत, तिच्यात जायला कुणालाही मज्जाव नाही. पहिल्या दिवशी मी तिच्या दारात चपला काढल्या. शिपाई म्हणाला, "मंदिर नहीं है, भैया, लायब्ररी है." माझी उर्दू ऐकून तिथली मुलं चकित व्हायची. दक्खनच्या कुठल्या खेड्यातला काळासावळा पोरगा आणि बोलतो कसा, म्हणून मला मुद्दाम बोलायला लावायची. वजीफा महिनाभर पुरायचा नाही, म्हणून मी मराठी मुलांच्या खानावळीत वाढपी झालो. वाढून झालं की माझं जेवण फुकट. पाच वेळा आमटी वाढणाऱ्या हाताने मी इतिहासाच्या नोट्स काढायचो, त्यांना हिंगाचा वास यायचा. मी सुखात होतो. इतका, की आपण कुणाच्या आधी आलो आहोत हे हळूहळू विसरायला होत होतं.

सुटीत गावी आलो की मात्र आठवण व्हायची. मारुतीच्या देवळात लिंबाजीने खानगी, म्हणजे खासगी, शाळा उघडली होती. गावातली पोरं होती आणि तांड्यावरचीही. तांड्यावरच्यांना तो स्वतः जाऊन घेऊन यायचा. मी आलो की शाळा सोडून द्यायचा आणि मला पारावर बसवायचा.

"बोल. वीजघर."

विद्यापीठाचं स्वतःचं वीजघर होतं. इतिहासाचा विद्यार्थी असूनही मी फक्त त्याच्यासाठी तिथे जायचो, बघून ठेवायचो. "आवाज कर," तो म्हणायचा. मी तोंडाने आवाज काढायचो, आधी हळू, मग चढत जाणारा, मग एकसारखा घुमणारा. पोरं हसून लोळायची. लिंबाजी हसायचा नाही. डोळे मिटून ऐकायचा. "आता दिवे लागले," असं म्हणून टाळी वाजवायचा. एकदा म्हणाला, "आता किती दिस राहिले रे तुझे?" मी म्हणालो, "होईल आता." तो घाईने म्हणाला, "न्हाई न्हाई, निवांत होऊ दे. पीक उभं असल्यावर घाई करू न्हाई."

बी.ए. झालो, पहिल्या वर्गात. माझ्या प्रोफेसरांनी बोलावून घेतलं. एम.ए. कर, म्हणाले, विद्यापीठाची शिष्यवृत्ती देतो, पुढे इथेच शिकवायला लाग. मी त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा पायांत बळ मावत नव्हतं. त्या रुंद रस्त्याने मी चक्क धावलो. धावताना एकदाही लिंबाजी आठवला नाही, हे मी आज लिहून ठेवतो.

आठवला तो हिंगोलीत उतरल्यावर. आधी वकीलसाहेबांना भेटायला गेलो. तीच बैठक. ते खूश झाले, पाठ थोपटली, आणि म्हणाले, "शाबाश. मोठा हो. पण सावडीचं काय? फंडाचा नियम आम्हीच केला, आम्हीच सैल करू. तू कायमचा येऊ नकोस. फक्त लिंबाजी शिकून येईपर्यंत गावची शाळा धर. तुझे प्रोफेसर थांबतील, नाही थांबले तर मी लिहितो. बोल, लिंबाजीला पाठवू?"

एवढंच म्हणायचं होतं: हो, पाठवा. मारुतीचं देऊळ, पाट्या, शेणाने सारवलेली जमीन माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि दुसऱ्या बाजूला तो रस्ता. मी खाली बघून म्हणालो, "साहेब, लिंबाजीचं मन आता बदललंय. त्याला गाव सोडवत नाही."

"अच्छा?" वकीलसाहेब म्हणाले. "अजीब है." मला वाटलं ते आणखी काही विचारतील, आणि विचारलं असतं तर मी कदाचित कोसळलो असतो... पण भल्या माणसांना दुसऱ्याच्या शब्दावर शंका घेणं जमत नाही. त्यांनी चहा मागवला. ती पाळी हट्टा गावच्या एका मुलाला गेली.

लिंबाजीला मी सांगितलं, की फंडाचं अवघड झालंय, आणि मला विद्यापीठ सोडत नाहीये. तो पारावर बसून कितीतरी वेळ काडीने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे. औंदा न्हाई तर पुढल्या साली वापसा येईल." आणि उठून मला बैल जुंपून वसमतला सोडायला आला. हिरवी पेटी गाडीत होती. तिच्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.

मी शिकलो, शिकवू लागलो. इकडे रझाकारांचे दिवस आले, सरहद्दीपलीकडे माणसं पळाली, शाळा बंद पडल्या. लिंबाजीची देवळातून उठून रानातल्या गोठ्यात भरली, पण भरली. मग अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्या दिवाळीला मी गावी निघालो. पेटी बरोबर घेतली. ठरवून टाकलं होतं, ती त्याच्यापुढे ठेवायची आणि खरं सांगायचं. अजून वेळ गेली नव्हती. मी तिशीच्या आत होतो, तोही. विद्यापीठात माझी आता ओळख होती. नादारी मी मिळवून दिली असती.

गावात तर नुसता उत्सव. ज्याच्या त्याच्या दारात तिरंगा. लिंबाजीने मला वेशीतच मिठी मारली. त्याच्या घरात आता बायको होती, अंगणात रांगणारी सुमन होती. मी पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "तुझी पेटी. आणि तुला एक सांगायचंय."

त्याने पेटीवरून हात फिरवला, दोन्ही नावांवरून. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वकीलसाहेब भेटले होते धामधुमीत. म्हणले, 'लिंबाजी, तुझं मन बदललं असं माणिक म्हणाला. गाव सोडवत न्हाई म्हणून. खरं का?'"

"मी म्हणलो, बराबर हाये साहेब. न्हाई सोडवत." आता त्याने वर पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मी वाचलो असतो. तिथे खोडकर काही तरी होतं, लहानपणचं. "तुला खोटं पाडू का त्यायच्यासमोर? इतकी वर्षं एका बैलजोडीची भाकर खाल्ली आपण."

"लिंब्या, मी..."

"थांब थांब." त्याने पेटी उघडली होती. "अरे, ही तर रिकामी! काहून रे? रिकामं भांडं परत देतेत काय? शिकून हेच आलास?" आणि आत वळून हाक मारली, "अगं ए, ऐकतीस का? माणिक प्रोफेसरानं रिकामी पेटी आणलीया. भर ती. ज्वारी घाल, शेंगा घाल, हळद घाल." मला म्हणाला, "घेऊन जा. पुन्हा येशील तवा भरून आण. तवा घेतो मी वापस."

मी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण अंगणात गावातली माणसं येऊ लागली होती, लिंबाजी सगळ्यांना ओरडून सांगत होता की आपला माणिक आलाय, आणि तांड्यावरची पोरं मला आवाज करून दाखवायचा हट्ट धरत होती. त्याने त्यांना सांगून ठेवलं होतं, माणिककाका वीजघराचा आवाज काढतो. मी काढला. लिंबाजीने डोळे मिटले, आणि वेळेवर टाळी वाजवली.

त्यानंतर तेच वाक्य तो सगळ्यांना सांगत राहिला. मला गाव सोडवलं न्हाई. माझं खोटं त्याने इतक्या वर्षांत घासून घासून खरं करून टाकलं. पुढे सिद्धेश्वरचं धरण झालं तेव्हा शाळेची पोरं घेऊन तो सर्वांत आधी बघायला गेला. सुमन सांगते, भिंतीवर उभा राहून पाण्याकडे बघत दिवसभर बोलला नाही. गावात वीज आली त्या संध्याकाळी त्याने टाळी वाजवली का, हे मला विचारायचं राहून गेलं.

पेटी माझ्या पलंगाखाली आहे. रंग उडालाय, दोन्ही नावं मात्र वाचता येतात, वर त्याचं, खाली माझं. झाकण उघडलं की हळदीचा वास अजून येतो, निदान मला येतो. ती भरून न्यायची म्हणून मी कितीदा बाहेर काढली: पुस्तकं भरली, कपडे भरले, मिठाई भरली, आणि दर वेळी वाटलं, हे ते नव्हे, आणि पुन्हा रिकामी करून आत सरकवली. तिच्यात काय भरायचं होतं ते मला पहिल्यापासून कळत होतं. चार शब्द होते. त्यांना ना वजन, ना भाडं.

लिंब्या, तुला गाव सोडवत होतं रे. तुला जायचं होतं. मला ठाऊक होतं.